दत्तोबांची पेटी आणि चांदीची शिवराई

नोव्हेंबरात मी पुण्याला जाऊन आलो. नाण्यांच्या प्रदर्शनात माझं भाषण आहे असं घरी सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. पण बायकोने सूटकेस उचलून पाहिली आणि विचारलं, "ही रिकामी कशी?"

म्हटलं, "तुझ्यासाठी साड्या आणीन."

इतक्या वर्षांच्या संसारात मी एकट्याने एकही साडी निवडलेली नाही. ती सूटकेसमध्ये एक टॉवेल टाकून निघून गेली.

तिला जे सांगितलं नाही ते तुम्हाला सांगतो. त्या सूटकेसमधून मला एक पेटी आणायची होती.

माझं अकोल्यात चष्म्याचं दुकान आहे. वय चोपन्न, आवाज भारदस्त, आणि गावातला एकही निरोपसमारंभ माझ्या भाषणाशिवाय पार पडत नाही. नाणी जमवणं हा माझा दुसरा धंदा, म्हणजे ज्यात पैसे फक्त जातात तो. जमवतो त्या फक्त शिवराया. शिवराई म्हणजे महाराजांच्या राज्यातलं तांब्याचं नाणं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. मीठमिरचीचं, बाजारहाटाचं, गरिबाच्या कनवटीचं नाणं. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे सगळी अक्षरं एकाच नाण्यावर उतरलेली क्वचित सापडतात. कुठे 'राजा' अर्धा कापलेला, कुठे 'श्री' बाहेरच राहिलेली. ठसे हाताने कोरलेले, म्हणून एकासारखा दुसरा नाही. कुठलं नाणं कुठल्या ठशातून निघालं हे अक्षराच्या वळणावरून ओळखायचं, हा आमचा खेळ. या खेळात मी कुणाला हार जात नाही. अपवाद एक, कर्वेनगरचे दत्तोबा शेलार.

कर्वेनगरात सोसायट्या नव्हत्या, भुईमूग होता, तेव्हापासून दत्तोबा तिथले. त्यांच्या शिवराया दुकानातल्या नाहीत. नांगराच्या फाळाला लागलेल्या, विहीर खणताना निघालेल्या, शेजारच्या शेतकऱ्यांनी "तुला नाद हाय, घे" म्हणून आणून दिलेल्या. तीनशेच्या वर नाणी, ठशांप्रमाणे लावलेली, सहा खणांच्या सागवानी पेटीत. वीस वर्षं आम्ही एकमेकांना पत्रं पाठवली. पत्र म्हणजे काय, नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, उठलेला छाप पाठवायचा आणि खाली एक ओळ लिहायची, 'हा कुठला ते सांगा.' आणि वर्षातून एकदा मी पेटी बघायला जायचो. मोबाइल आले तरी आम्ही पेन्सिल सोडली नाही.

गेल्या दिवाळीत त्यांचं पत्र आलं. 'डोळं आता भिंगाला दाद देत न्हाईत. प्वाराला यात गोडी न्हाई. औंदा आला की पेटी घेऊन जावा.' मी ते पत्र दुकानात गिऱ्हाइकांनासुद्धा वाचून दाखवलं.

सदाशिव पेठ, शुक्रवार

प्रवासाचं सांगत नाही. अकोल्याहून पुण्याला येणाऱ्या प्रत्येकाचा प्रवास सारखाच वाईट असतो.

उतरलो ते सदाशिव पेठेत, आणि दुपारी फाटकांच्या दुकानात गेलो. फाटक जुनी नाणी विकतात. दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाईक आणि फाटक यांच्यापैकी एकानेच एका वेळी श्वास घ्यावा.

"बसणार आहात का?" फाटकांनी विचारलं. "म्हणजे बसणार असाल तर खुर्चीवरचे अल्बम उचलतो. लगेच निघणार असाल तर राहू देत."

आमच्या अकोल्यात माणूस दारात दिसला की आधी पाण्याचा गडवा येतो, मग नाव विचारतात. मी उभाच राहिलो.

काउंटरवर मखमलीच्या डबीत एक नाणं होतं. पांढरंशुभ्र, आरशासारखं. 'श्री राजा शिव', सगळी अक्षरं जागच्या जागी. एका पेढीने शिवराईचा जुना ठसा घेऊन ती शुद्ध चांदीत पाडायला सुरुवात केली होती. पुढच्या वर्षी म्हणे सोन्यात. मी ऐकून होतो, पाहत पहिल्यांदाच होतो. पाहत होतो म्हणजे तिच्यावरून नजर काढून घेत होतो.

"दाखवू?"

"ती नको. खरी दाखवा."

"हीपण खरीच आहे. चांदी खरी आहे."

"फाटक, शिवराई चांदीची होती का कधी?"

"नव्हती. म्हणून तर खपते." फाटकांनी डबी माझ्याकडे दोन बोटं सरकवली. "तांब्याची घ्यायला तुमच्यासारखे येतात. तासभर उभे राहतात, सहा नाणी हाताळतात आणि त्यातलं एकच घेऊन जातात. चांदीची घ्यायला आजोबा येतात, बारशाला द्यायला. पाच मिनिटांत जातात. जाताना आभार मानतात."

"ही फसवणूक आहे."

"कुणाची? मागे साल घातलंय, कार्डावर वजन लिहिलंय. फसवणूक बघायची असेल तर पलीकडच्या पेटीतल्या तांब्याच्या बघा, त्यातल्या चार गेल्या महिन्यात जन्मल्यात." मग त्यांनी भिंग काढलं. "घ्या. नीट तरी बघा."

"असल्या वस्तूला मी भिंग लावत नाही."

हे मी असं म्हटलं की पडदा पडावा. फाटकांनी भिंग मिटून खिशात ठेवलं.

"बरं," ते म्हणाले. "नका लावू."

पुण्यात माणसं जे सांगत नाहीत तेही मोजून सांगत नाहीत. मला त्या दिवशी ते कळलं नाही.

कर्वेनगर, शनिवार

प्रदर्शन एका मंगल कार्यालयात होतं. आदल्या दिवशीच्या लग्नाची फुलं अजून कमानीला होती आणि वधूवरांच्या खुर्च्यांवर आम्हा वक्त्यांना बसवणार होते. माझ्या वाट्याला वधूची आली.

दत्तोबा दारातच भेटले. पांढरा सदरा, टोपी, बगलेत पेपर. वर्षभरात चांगलेच वाकले होते.

"या चष्मेवाले. जाड झालात."

"तुम्ही बारीक झालात."

"बरूबर झालं की मग. वजन तेवढंच ऱ्हायलं."

मी त्यांना आधीच कळवलं होतं की भाषणात हातात धरायला त्यांची ती शिवराई हवी. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून काडेपेटी काढली. आत कापसावर ती होती.

हिच्याबद्दल सांगायलाच हवं. दत्तोबांची आई भुईमूग खुरपत होती, तेव्हा खुरप्याला लागून ही वर आली. दोन्ही बाजूंची सगळी अक्षरं पूर्ण उतरलेली, अशी मी दुसरी पाहिलेली नाही. रंग काळ्या गुळाचा. तांबं जमिनीत शेकडो वर्षं पडून राहतं तेव्हा असा रंग चढतो, आणि जमवणाऱ्याच्या लेखी नाण्याचा प्राण त्या रंगातच असतो. एकदा घासला की गेला. आणि 'राजा'च्या बाजूला एक तिरका ओरखडा, आईच्या खुरप्याचा. दत्तोबा ती पेटीत ठेवत नसत, पण पेटीबरोबर तीही येणार हे ठरलेलं होतं. पेटीच्या वरच्या खणात तिच्यासाठी मधोमध जागा कोरून ठेवलेली होती.

"पेटी उद्या," दत्तोबा म्हणाले. "घरी जेवायला या. एक गोष्ट सांगायची बी हाय."

"आत्ता सांगा ना."

"आत्ता गर्दी हाय." असं म्हणून ते शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

माझी पाळी यायला अवकाश होता. मी मागच्या अंगणात मिसळ घेतली. पुण्याची मिसळ गोडसर असते आणि तिला तिखट म्हणायची इथे पद्धत आहे. मी वर दोन फोडी लिंबू पिळलं. समोर एक तिशीची मुलगी येऊन बसली. सायली नाव, हिंजवडीत आयटीत, गळ्यात अजून ऑफिसचं कार्ड.

"सर, तुम्ही आज सिल्व्हर शिवराईच्या अगेन्स्ट बोलणार आहात ना?"

"आहे तसा विचार."

"माझ्याकडे आहे ती. मी तिच्यापासूनच स्टार्ट केलं. त्याआधी ऑनलाइन तीन तांब्याच्या घेतल्या होत्या, तिन्ही फेक निघाल्या. ही निदान सांगते तरी की मी नवीन आहे म्हणून. हिची अक्षरं पाठ झाली, मग मला खरी ओळखता यायला लागली. मागच्या महिन्यात फाटक सरांकडून पहिली ओरिजिनल घेतली."

मुद्दा बिनतोड होता. बिनतोड मुद्द्याला मी नेहमी विनोदाने उत्तर देतो. म्हटलं, "म्हणजे सिनेमा बघून लग्न केलंस."

ती हसली नाही. तिने पर्समधून डबी काढली. "बघा ना सर. हिच्यावर एक स्क्रॅच आहे, तो मुद्दाम ठेवलाय. कार्डावर लिहिलंय त्याचं."

"नको, हाताला लिंबू आहे," मी म्हणालो. चांदीचं नाणं खराब होऊ नये एवढी काळजी मी घेतली, हे कृपया लक्षात ठेवा.

तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर माझं नाव पुकारलं. कागदाच्या रुमालाला बोटं पुसत मी गेलो आणि वधूच्या खुर्चीपुढे उभा राहिलो.

भाषण उत्तम झालं. आजही मला तसंच वाटतं आणि हीच त्यातली वाईट गोष्ट आहे. मी दत्तोबांची शिवराई अंगठ्यात आणि बोटात धरून दिव्याखाली नाचवली. नाणं नेहमी कडेला धरायचं असतं, हे मी स्वतः शाळाशाळांतून पोरांना शिकवत आलो आहे. पण कडेला धरलेलं नाणं शेवटच्या रांगेतून दिसत नाही, म्हणून मी अंगठा सरळ 'राजा'वर रोवला. म्हटलं, हिच्यावर माणसांचा घाम आहे, हिने भाकरी विकत घेतली आहे. त्या चांदीच्या बाहुलीने काय घेतलंय? लोक हसले. मग मी आवाज खाली आणला. खाली आणलेला आवाज हे माझं खास अस्त्र.

"त्या ठशासाठी कुणीतरी आपलं नाणं दिलं असेल," मी म्हणालो. "तो कोण, मला ठाऊक नाही. जाणून घ्यायची इच्छाही नाही. पण त्याने आपल्या आईला नटवून सराफाच्या काचेत उभं केलं आहे."

सभागृह चिडीचूप झालं. अशी शांतता वक्त्याला जन्मात दोनदा-तीनदा मिळते. मी ती पुरेपूर उपभोगली, मग मान झुकवली. टाळी फक्त ध्वनिक्षेपकवाल्याने वाजवली.

मंचावरून उतरलो तर पायऱ्यांशी दत्तोबा उभे होते, हातात उघडी काडेपेटी. मी नाणं कापसावर ठेवलं. त्यांनी काडेपेटी बंद केली.

"कसं झालं?"

"मोठ्यानं झालं," ते म्हणाले आणि हळूहळू चालत बाहेर गेले.

मग फाटक आले. "आवाज छान आहे तुमचा," ते म्हणाले. "दत्तोबा शेवटच्या रांगेत होते, त्यांनाही नीट ऐकू आलं असेल."

"ऐकायलाच हवं. त्यांचंच तर नाणं."

"तेच म्हणतोय. चांदीच्या शिवराईला नमुना म्हणून त्यांनीच ते दिलं. ज्याला शिव्या घातल्यात त्याचंच नाणं हातात धरून घातल्यात. पुण्यात एवढा नेम कुणाचा बघितला नव्हता."

माझ्या तोंडातली मिसळीची चव बदलली. "काल दुकानात सांगायचं होतं ना."

"भिंग देत होतो की."

ठसे ओळखण्यात वीस वर्षं घालवलेला माणूस समोर ठेवलेला ठसा बघायला तयार नव्हता, कारण तो चांदीत होता. जन्मभर लोकांना मी बारीक अक्षरं दिसावीत म्हणून चष्मे विकले आणि ते कार्ड वाचलं नाही.

मंडई, रविवार सकाळ

रिकाम्या हाताने क्षमा मागायला जाऊ नये म्हणून मंडईत गेलो. कमानीखालच्या बाजूला सासवडच्या सीताफळांचे ढीग लागले होते. मी एक उचलून दाबून पाहिलं.

"दाबू नका हो," फळवाली म्हणाली. "बोट बसलं की तिथंच काळं पडतं. कुणासाठी हवंय? आजारी माणसासाठी का?"

"रुसलेल्या माणसासाठी."

"मग पिकलेली घ्या. कच्ची नेलीत तर पिकायची वाट बघत बसाल दोघंही."

मी डझनभर पिकलेली घेतली. एका हातात सीताफळं, दुसऱ्या हातात रिकामी सूटकेस. हो, सूटकेस घेतली होती. क्षमा मागायला निघालो होतो आणि सूटकेस घेऊन निघालो होतो. दोन्ही एकाच रिक्षात बसल्या.

पुन्हा कर्वेनगर

दत्तोबांचं घर तिसऱ्या मजल्यावर. ज्या इमारतीत आहे ती त्यांच्याच शेतावर उभी आहे. आईला नाणं सापडलं ती जागा कुठली, असं पूर्वी विचारलं तर ते गॅलरीतून खाली पार्किंगकडे बोट दाखवायचे, "त्या निळ्या गाडीखाली."

दार वहिनींनी उघडलं. सीताफळं घेतली, सूटकेसकडे पाहिलं आणि आत गेल्या. दत्तोबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. मांडीवर काडेपेटी होती.

रिक्षात मी चांगलं दहा मिनिटांचं बोलणं तयार केलं होतं. "दत्तोबा," मी सुरुवात केली, "मला माहीत असतं तर..."

"बसा. भाषान नको." त्यांनी काडेपेटी उघडून माझ्यापुढे धरली. "ह्ये काय झालं वो?"

'राजा'च्या मधोमध, काळ्या गुळाच्या रंगावर, अंगठ्याएवढा डाग पडला होता. गुलाबी, कोवळा, चकचकीत. रेषा न् रेषा उमटलेली. तांब्याचा तांब्या चिंचेने घासल्यावर जसा दिसतो तसा.

"काल मिसळीवर लिंबू पिळलं व्हतं का?"

"हो."

"मला वासच आला काडेपेटी उघडल्यावर." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला काहीतरी करता आलं असतं. "चाळीस वर्षं मी हिला कधी पुसली न्हाय. म्हातारीनं सापडल्यावर लुगड्याला पुसली तेवढीच."

मी विचारलं, "मग त्या पेढीला कशी दिलीत?" अशा वेळी गप्प बसावं हे माझ्या अंगात नाही.

"दिली. यंत्राखाली दीड तास ठेवली, हात न लावता. मी शेजारी बसून व्हतो." दत्तोबा पार्किंगकडे बघत बोलत होते. "चाळीस वर्षं ही माझ्या खिशात हाय. बघायला किती लोकं आली? तुमी आलात. फाटक आले. एकदा ग्यासवाला आला, त्याला दाखवली. आणि आता ती चांदीची घ्यायला लोकं रांगंत उभी ऱ्हात्यात. मी त्यांना एकच अट घातली व्हती. म्हातारीच्या खुरप्याचा वरखडा काढायचा न्हाय. ते म्हनले, डाग दिसंल, लोकं घ्यायची न्हाईत. म्हनलं, मग ऱ्हाऊ द्या. तवा ठेवला."

आत जाऊन त्यांनी पेटी आणली. मी उठायला लागलो तर हातानेच थांबवलं. वरचा खण उघडला. मधोमध कोरलेल्या जागेत ती चांदीची बसवलेली होती.

"पेढीनं एक फुकट दिली. जागा मोकळी बरी दिसंना."

मी खिशातून भिंग काढलं. एक दिवस उशिरा काढलं. 'राजा'च्या बाजूला तिरका ओरखडा होता, आत जाताना खोल आणि बाहेर येताना उथळ, जसा खुरप्याचा असतो. बारशातल्या प्रत्येक पाळण्यात तो ओरखडा गेलेला असणार. खऱ्या नाण्यावर मात्र आता त्याच्यावरून माझा अंगठा फिरला होता.

"हेच सांगायचं व्हतं तुमाला," दत्तोबा म्हणाले. "जेवताना सांगनार व्हतो."

तांब्याचं नाणं त्यांनी काडेपेटीत परत ठेवलं नाही. गॅलरीच्या कठड्याला लागून कढीपत्त्याची कुंडी होती. त्यांनी खुर्चीवरूनच वाकून मातीत बोट खुपसलं, भोकात नाणं उभं सोडलं आणि वर माती ओढली.

"मातीत ऱ्हायली की रंग परत धरती."

"किती दिवस लागतील?"

"दिवस?" ते पहिल्यांदाच हसले, पण माझ्याकडे बघून नाही. "तुमच्या-माझ्या देखत न्हाय. आणि माती बी इकतची हाय, नर्सरीतली. आमच्या रानात आता माती कुठं ऱ्हायली."

जेवणात वहिनींनी पिठलं-भाकरी वाढली. सीताफळं कुणी फोडली नाहीत. दत्तोबा पाऊसपाण्याचं बोलले, अकोल्याच्या कापसाची चौकशी केली, जशी पाहुण्याची करतात. वीस वर्षांत त्यांनी मला कापसाबद्दल कधी विचारलं नव्हतं. आम्ही फक्त ठशांबद्दल बोलायचो.

हात धुऊन झाल्यावर त्यांनी पेटी माझ्यासमोर ठेवली.

"घ्या. शब्द दिला व्हता."

"नको दत्तोबा," मी म्हणालो. "राहू द्या तुमच्याकडे. मी दरवर्षी येईन बघायला."

"तुमीच ठेवा. आता मला छाप पाठवू नका, मला दिसत बी न्हाईत. आणि पेटी तुमच्याकडं म्हनल्यावर तुमचं हितं काय काम?"

आपल्याकडे देणाऱ्याला पहिल्यांदा नको म्हणायची रीत आहे. ते नको कुणी धरत नाही. समोरचा पुन्हा आग्रह करतो, आणि खरं उत्तर दुसऱ्यांदा द्यायचं असतं. दत्तोबांचं दुसऱ्यांदा सांगून झालं होतं. वहिनी दारात उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या.

मी दुसऱ्यांदा नको म्हटलं नाही. वहिनी आत गेल्या आणि पेटी बांधायला सुतळी घेऊन आल्या.